सावकाश होऊ द्या

आज नववा दिवस.
सकाळी शेकरमध्ये दोन चमचे व्हॅनिला,
अकराला ताक, लोणी काढलेलं, कोथिंबीरही गाळून,
दोनला मुगाचं पाणी.
मूग नाही, मुगाचं पाणी.
मृण्मयी मॅडमनी कागदावर लिहून दिलंय
आणि खाली दोन रेघा मारल्यात:
चावायचं काही नाही.

ऑपरेशनआधी लिव्हर लहान व्हायला हवं, म्हणाल्या,
फार मोठं झालंय, दुर्बीण पलीकडे जायची नाही.
लिव्हर म्हणजे काळीजच ना हो?
तीस वर्षं कार्यालयाचे मालक चारचौघांत सांगतायत,
आमचा आचारी मोठ्या काळजाचा, हात आखडत नाही.
आता ते चौदा दिवसांत आखडायचं.

घरचा काटा एकशेवीसला दम टाकतो
म्हणून मार्केट यार्डात, भुसार विभागात,
गुळाच्या ढेपा नुकत्या उतरवल्या होत्या तिथं
पहाटे चपला काढून उभा राहिलो.
एकशे एकतीस, तोलणार म्हणाला,
आणि सवयीनं विचारलं,
बारदान वजा करू?

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं.
वैजयंती गॅलरीत गेली, दार ओढून घेऊन जेवली.
काचेतून फक्त तिची पाठ दिसायची
आणि पाठीवरून मला कळायचं,
आता भात कालवतेय.

आज चारशे पानांचं लग्न.
मार्गशीर्षात घरी कसा बसू?
पोपट म्हणाला, काका, मीठ बघा.
मी मीठ जिभेवर कधी बघितलंच नाही.
देवाला दाखवायच्या आधी उष्टं करू नये,
वाफेत नाक धर, मीठ वासाला कळतं,
असं शिकवणारा माणूस केव्हाच गेला, नाक राहिलं.
मसालेभात, अळूची भाजी, कढी,
सगळं वाफेवरच कळलं आजही.
काही चुकलं नाही.

मग मी जाडा झालो कधी?

साडेचारला.
शेवटची पंगत उठल्यावर, पातेल्याशी उभ्यानं,
उलथन्यानंच, खरपुडीसकट,
आणि वाढायला लाज वाटेल असे जिलबीचे तुकडे.
कुणी म्हणायचं, काका, पान मांडतो.
मी म्हणायचो, कशाला, झालंच माझं.
ही चरबी नव्हे हो मॅडम,
लोकांची लग्नं आहेत.
त्यातली काही मोडलीसुद्धा,
माझ्या पोटावर मात्र अजून टिकून आहेत.

आजही पातेल्याच्या तळाला तोच थर.
खोटं कशाला सांगू, तोंडापर्यंत नेलं उलथनं.
वास घेतला.
आणि पोपटापुढे धरलं.
अकरा वर्षं आहे तो माझ्याकडे, वेल्ह्याचा.
खाता खाता म्हणाला,
तुमच्या वाटणीचं म्हणून कधी मागितलं नाही.

मग त्यानंच एक टेबल पुसलं,
केळीचं पान मांडलं,
वर चिमूटभर मीठ, डावीकडे लिंबाची फोड,
मधोमध माझा शेकर.
मी नको म्हणेपर्यंत खुर्ची कुरकुरली होती.
या कार्यालयात मी जेवायला असा
पहिल्यांदाच बसत होतो.
मुगाचं पाणी गार झालेलं.
पोपट फडक्याला हात पुसून समोर उभा राहिला,
मुलीच्या बापासारखा थोडा वाकून,
सावकाश होऊ द्या, म्हणाला.

वीस मिनिटं लागली.
मधेच मंडपवाले आले,
आमची एक सोडून बाकी खुर्च्या घेऊन गेले.
पान कोरडंच होतं,
तरी उठताना दुमडलं.

दांडेकर पुलावर स्कूटरवर थंडी वाजली.
मला कधी वाजायची नाही.
घरी येऊन म्हटलं, माझा स्वेटर काढ गं.
वैजयंती बघतच राहिली.
तुमचा, म्हणाली, कधी घेतलाच नाही.