तिसरी किल्ली

वीज मंडळातून निवृत्त झाले
आणि जिथे वीजच नाही अशा गावी दोन वर्षं राहायला गेले.
मलावीत. खडीचा रस्ता संपतो तिथून पुढे
सायकलच्या कॅरिअरवर बसून.
मुलगा म्हणाला, आई, थट्टा करतेस का?
थट्टा नव्हती. बायकांच्या बचतगटाची वही लिहायची होती,
आणि मला हातचे न विसरता बेरीज येते.

पेटी हिरवी, पत्र्याची. तिला तीन कुलपं.
तीन किल्ल्या तीन घरी,
म्हणजे एकटीला मोह नको, दोघींचं संगनमत नको.
नाफिरी बाळंतपणाला दवाखान्यात निघाली
तेव्हा तिने स्वतःची माझ्या हातात दिली.
चार दिवसांसाठी, म्हणाली.

तिथे सकाळी कुणी कशी आहेस विचारत नाही.
विचारतात, कशी उठलीस?
मी बरी उठले, आणि तू?
हापशाच्या रांगेत हे वीस-बावीस वेळा,
मग पाणी.
आधी पाणी, मग बोलणं, असं चालत नाही.

इथे रामबागेत नर्मदेचं पाणी दिवसाआड.
मोटर सुरू, टाकी भरली, मोटर बंद.
कोण कसं उठलं, कळत नाही.
परवा कचरागाडी आली. ओला वेगळा, सुका वेगळा, काचा वेगळ्या.
मी मांगीलालला विचारलं, कैसे उठे भैया?
तो दचकला.
पाँच बजे, मॅडम. गाडी टाइम पे ही है.
त्याला वाटलं, मी तक्रार करतेय.

भिशीतल्या बायका विचारतात, सिंह पाहिलास?
नाही.
कोंबड्या पाहिल्या. जेवायच्या आधी
हातावर लोट्याने पाणी घालणारी घरधनीण पाहिली,
तिच्या मनगटाला पीठ होतं.

किल्ली सापडली पर्सच्या फाटक्या अस्तरात,
इंदूरला येऊन एकोणीस दिवस झाल्यावर.
पेटी दर मंगळवारी उघडते.
मी बोटांवर मंगळवार मोजले
आणि पलंगावर बसून राहिले.

नाफिरीचा निरोप आला, तिच्या आवाजात.
मागे बाळ रडतंय, कुणीतरी खोकतंय.
दगडाने फोडलं. अर्धा तास लागला. कुलूप चांगलं होतं गं.
आणि सगळ्यांचं हसणं.
मग, जरा थांबून:
कशी उठलीस?

बरी उठले म्हणून रेकॉर्ड केलं. पुसलं.
पुन्हा केलं. आवाज कार्यालयातला वाटला.
अजून पाठवलेलं नाही.

किल्ली घरच्या जुडग्यात अडकवलीय.
कपाट, लॉकर, गच्ची, कशालाच लागत नाही.
घाईच्या वेळी नेमकी
आधी तीच हाताला येते.