आठ पट

टेशीत, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत,
अडजेटेच्या बाकावर एक वहाण ठेवलीय,
डाव्या पायाची.
वहाणा शिवणारा क्वेई गेला.
शवपेटी हुबेहूब हिच्यासारखी हवी,
लेक सांगून गेली.

ओकायने पट्टी लावतो: अठ्ठावीस सेंटिमीटर.
आठाने गुणलं, दोनशे चोवीस.
माणूस निजेल, उशाशी थोडी जागाही उरेल.
रुंदी आठ पट, चामड्याची जाडी आठ पट,
आणि पट्टा अंगठ्याशी वळतो तो कोन?
पोराने तोही गुणायला घेतला
तसा अडजेटेने त्याचा हात धरला.
कोनाला नाही शिवायचं. तो आहे तेवढाच.

रंगातही फसला.
वहाणेला एक चमचा, तर हिला आठ?
चौसष्ट, बाबा. लांबीही ताणलीस, रुंदीही ताणलीस.
वजनाचं मला विचारू नकोस,
ते खांदेकरी सांगतील.

मग टाच.
बाहेरच्या कडेला झिजलेली, तीनेक मिलिमीटर.
ही सरळ करून टाकू? रंधा हातातच होता.
अडजेटे बराच वेळ काही बोलला नाही.
सरळ केलीस, तर ती दुसऱ्या कुणाची.

म्हणून झीजही आठ पट.
चोवीस मिलिमीटर
लाकडातून सावकाश उतरवत आणली दोघांनी,
क्वेई चालताना कलायचा त्या बाजूला.

शनिवारी डेडे आली. निळा रंग अजून ओला.
पट्टा पाहिला नाही, रंगवलेले टाके पाहिले नाहीत,
उकिडवी बसली टाचेपाशी
आणि म्हणाली,
उजवी सापडतच नाहीये घरात.