मागचा डावा सड

आंदोरिन्या, म्हणजे पाकोळी.
तिसरं वेत, विऊन अकरा दिवस.
साओ जॉर्ज बेटावर गाई कुरणातच पिळतात,
काळ्या दगडांच्या बांधाआड, वाऱ्याकडे पाठ करून.
समोर पीकोचा डोंगर आहे. तीन दिवस धुकं आहे,
म्हणजे डोंगर नाही.

देओलिंदाचा हात मागच्या डाव्या सडाशी थबकला.
कास तापलेली. बोटांखाली गोटा.
दगडाला या बेटावर तोटा नाही,
पण हा आतला.
तिने थेंबभर दूध जिभेवर ठेवलं.
खारट.

पाठ सरळ न करताच तिने
चार वाट्यांचं पसरट भांडं काढलं,
प्रत्येक वाटीत एकेका सडाची धार,
वर जांभळं औषध, आणि मनगटाने हळू गोल फिरवलं.
तीन वाट्या पाण्यासारख्या हलल्या.
चौथी हललीच नाही,
अंड्याच्या पांढऱ्यासारखी एकगठ्ठा सरकली.

मी खाली, चीजच्या सहकारी कारखान्यात, मोजणीच्या यंत्रापाशी.
तिची बाटली आली. आकडाही आला:
एका मिलिलिटरला आठ लाख चाळीस हजार पेशी.
चार लाखांच्या वर भाव कापतात.
ती खिडकीशी उभी, बुटांना शेण,
म्हणाली, ग्रासिएत, एवढे जंतू?

जंतू नाहीत, मावशी. तिच्याच आहेत,
तिच्या हाडांच्या पोकळीत जन्मलेल्या पांढऱ्या पेशी.
आत आरोळी पडली, तशा रक्तातून वाहत आल्या,
शिरेच्या भिंतीला बिलगल्या,
भिंतीतल्या फटीतून अंग चोरून
दुधात उतरल्या.

आणि दूध हीच पंचाईत.
जंतू गिळायला आलेली पेशी
समोर दिसेल ते गिळते: लोण्याचा कण,
पुन्हा लोण्याचा कण, केसीनची गुठळी.
पोट भरतं, हात जड होतात.
रक्तात वाघ असते ती,
इथे जेवणावळीत अडकलेली पाहुणी.
त्यात गाय नुकती व्यालेली,
अंगातलं सगळं धारेत ओतत असलेली,
मागे काही शिल्लक ठेवत नाही.

तरी काही पेशी शेवटी एक करतात.
पोटातलं सूत,
ज्यावर त्यांचं सगळं लिहिलेलं असतं,
उसवतात आणि बाहेर फेकतात.
जाळं.
जंतू त्यात गुरफटतात.
पेशी उरत नाही.

देओलिंदाचा नवरा झेफेरीनो ट्यूना धरायला जायचा.
तिने बराच वेळ काचेवर बोट ठेवलं.
म्हणजे वाटीत सकाळी घट्ट झालं ते
तेच सूत?
बरंचसं तेच.
मेलेल्यांचं?
हो. औषधाने फोडलेल्या जिवंतांचंही.

मग ती हसली, वाईट हसली.
मदतीला धावल्या त्यांची डोकी मोजायची
आणि पैसे माझे कापायचे!

माझ्याकडे उत्तर होतं:
अशा दुधाचं दही नीट बसत नाही,
चाक भुसभुशीत होतं, महिनाभरात तडकतं.
खरं उत्तर होतं. मी दिलं नाही.
आमच्याकडे दुधाचं चीज होतं,
त्यांच्या श्रमाचं होत नाही,
एवढंच मनात आलं, आणि मी पावती फाडली.

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात.
इथे आधी जागतात,
मीठ मागून दुधात उतरतं.

पाच दिवस ती दर तीन तासांनी तो सड पिळत राहिली,
रात्री कपाळावर दिवा बांधून,
दूध बांधाबाहेर ओतत.
डॉक्टर इलिदिउची सुई, त्याची उधारी.
सहाव्या दिवशी धुकं उठलं, पीको जागेवर होता.
चौथी वाटी हलली,
अजून थोडी रेंगाळून.

सड वाचला, पण पूर्वीइतकं देत नाही.
आत कुठेतरी काही पेशी बसून राहिल्या आहेत,
या जंतूची ओळख लक्षात ठेवून.
देओलिंदा आता शेवटी त्याच सडाला हात घालते.
पिळून झाल्यावर क्षणभर
तळवा तसाच ठेवते,
तापलंय का बघायला,
आणि नसलं तरी.