हिल्लाची वही

रात्रीचे अकरा, आणि सूर्य
टेकडीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघतोय.
उत्तर फिनलंडात जूनमध्ये मुलांना झोपवायचं
म्हणजे जाड पडदे, आणि थोडं खोटं बोलणं.
सहलीला आल्यावर तेही कशाला.

इव्हालो नदी इथे गुडघ्याएवढी.
पाणी असं की पोटऱ्यांत कळ येते.
आणि डास. डासांबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय,
तरी बोलतोच.

ओइवा पसरट ताटली धरून उकिडवा बसलाय.
मी दाखवतो: आधी हलव, मग कलती कर, मग गोल फिरव.
हलकं ते जाऊ दे वाहून,
जड ते आपणहून थांबतं.
"पण किती वेळ?"
माझे वडील म्हणायचे, मान दुखेपर्यंत,
आणि मग आणखी थोडा.
तीस उन्हाळ्यांत त्यांनी जमवलं
औषधाच्या बाटलीचं बूड जेमतेम झाकेल इतकं,
आणि तेवढ्यावर जन्मभर श्रीमंतासारखे बोलले.

आउने काठावरच. तिने हिशेब केलाय:
पेट्रोल, परवाना, भाड्याचे बूट, सॉसेज.
या भावाने सोनं
सराफाकडूनच स्वस्त पडेल, म्हणते.
कॉफीची काजळलेली किटली विसळायला ती वाकते

आणि तशीच राहते.
मग सरळ होते, डाव्या हाताचं बोट
उजव्या मुठीत घट्ट धरून.

अंगठी. चांदीची. तिच्या आत्याची.
आत्याने लग्न केलं नाही;
केमीच्या कागद-गिरणीतल्या पहिल्या पगारातून
स्वतःच स्वतःसाठी घेतली होती.
गार पाण्यात बोटं आक्रसतात, अंगठी सैल होते,
गोष्ट एवढीच.

मग आम्ही सगळे झारेकरी झालो.
फावडं, बादली, चाळण.
आउनेने मोजे काढले, ती कमरेपर्यंत उतरली.
किटलीच्या जागेपासून खाली वीस पावलं
गोटा न गोटा उलटा केला.
ताटल्यांत उरत गेलं ते:
काळी रेती, तामड्याचे तांबूस कण,
कुण्या शिकाऱ्याचे शिशाचे छर्रे,
बुटाचा एक खिळा.
मधूनमधून ओइवा म्हणायचा, "बाबा, पिवळं काहीतरी,"
आणि मी न बघताच म्हणायचो,
"ते राहू दे रे, चांदी बघ."

समोरून तीन रेनडियर नदी ओलांडून गेले.
आमच्याकडे बघितलं, न बघितल्यासारखं.
सूर्य बुडायचं सोडून
टेकडीवरून आडवा घसरत राहिला, पुन्हा वर निघाला.
आज आहे की उद्या, कळेना.

अडीच वाजता आउने म्हणाली, "पुरे."
"अजून एक बादली," मी म्हणालो.
"पुरे, ताइस्तो. जड आहे ती. खडकाच्या फटीत गेली असणार."
तिची हनुवटी थरथरली. मला वाटलं, आता रडते.
"कुणाच्या तरी पोराला सापडेल.
केवढं किंचाळेल ते!"
आणि तिला हसू आलं, ते आवरेना,
मांड्यांवर ओल्या हातांनी थापा मारत
ती काठावर बसली. मग मलाही.
डास तोंडात गेला.

गाडीत मुलं पेंगली. आउने चालवत होती,
चाकावर बोटाचा पांढरा पट्टा.
हिल्लाच्या मांडीवरून वही घसरली, मी उचलली.
तिचं आठ वर्षांचं गिचमिड अक्षर:

सोनं: सात ठिपके. (ओइवाने आणि मी. कुणी बघत नव्हतं.)
डास: लिहायचे नाहीत.
चांदी: एक. नदीत ठेवली.

आधी 'हरवली' लिहिलं होतं.
खोडलंय, पण वाचता येतं.