सॅक्सोफोन वगळून

मल्हारगंजात शफाअत मास्टरांनी बँडचं दुकान आवरलं
तेव्हा ढोल भंगारात गेले, टोप्या नाटकवाल्यांकडे,
आणि सॅक्सोफोन माझ्याकडे, साडेअकरा हजारांत,
गळ्यापाशी पोचा, आत वीस लग्नसराईंची थुंकी.
"मुळ्येमॅडम, आपण तर दात बनवता," ते हसले,
"यालाही दात लागतात. खालचा ओठ मात्र आपला."

खरं आहे. बावीस वर्षं कवळ्या घासतेय.
कुठला जबडा किती दाब सोसेल, बोटांना कळतं.
पण सूर?

सुरासाठी रात्री साडेदहाला फोनमध्ये एक टकला माणूस येतो.
त्याच्या खिडकीत बर्फ, हीटरवर वाळत घातलेले मोजे.
नाव उच्चारता येत नाही, म्हणून तो मोजेकाका.
फुकट शिकवतो. मधेच शाम्पूची जाहिरात,
मग पुन्हा तो: दुसरी, पाचवी, पहिली,
दुसरी, पाचवी, पहिली,
जणू मधल्या पायऱ्या तुटलेला जिना.
इंग्रजी अर्धं कळतं. मी त्याला पाऊण वेगाने चालवते,
मग त्याचा आवाज प्यायलेल्या माणसासारखा होतो,
बोटं मात्र स्पष्ट दिसतात.

मोजू नका, म्हणतो, झोका घ्या.
आठवडाभर मला झोका सापडला नाही.
सापडला रामबागेच्या कोपऱ्यावर,
उसाच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांत:
छन्न, छ-छन्न, छ-छन्न,
एक ऐसपैस, एक घाईत, ऊस अडकला की एक उशिरा.
तीन ग्लास रस प्याले उभ्या उभ्या.
रसवाला म्हणाला, "ताई, शुगर बघा एकदा."

मागच्या महिन्यात आणखी एक घबाड हाती लागलं.
तिघं वाजवतात, पियानो, बास, ड्रम,
आणि खाली लिहिलेलं असतं: सॅक्सोफोन वगळून.
कुठल्याशा शहरात तीन अनोळखी माणसांनी
मन लावून
एका न आलेल्या माणसाभोवती वाजवलंय.
त्यांनी मला पाहिलेलं नाही.
तरी बत्तीस आवर्तनांची खुर्ची ओढून ठेवलीय.
पहिल्या रात्री मी वाजवलंच नाही.
नुसती बसले त्या जागेत, मांडीवर पितळ घेऊन.
इतकं मोकळं कुणी सोडलं नव्हतं माझ्यासाठी,
पंगतीतही नाही.

काल गच्चीवर, सॅक्सच्या तोंडात जुना टॉवेल कोंबून
(खालच्या राजूरकरांच्या सुनेची सीएची परीक्षा आहे)
सुरू केलं. दुसरी, पाचवी,
आणि दीड जीबी संपला.
गोल गोल फिरणारं चाक. तिघंही कुठेतरी गोठलेले
पाचवीवर.
पाचवीवर कुणी थांबतं का हो?
निघालेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरच धरून ठेवल्यासारखं.

तेवढ्यात गल्लीत वरात.
डीजे नव्हता, पोलिसांनी बंद पाडला असावा.
आयत्या वेळी आणलेला बँड, लाल कोट, कुणाच्या बाह्या लांब,
सगळीकडे वाजतं तेच गाणं,
आणि नेमकं माझ्या पट्टीत.
मी टॉवेल काढला.
त्यांच्या गाण्यावर माझा कोमल निषाद टाकला, तिरका.
टाकला म्हणजे सुटला.
मग पुन्हा एकदा, आता मुद्दाम.

खाली ट्रम्पेटवाल्याने मान वर केली.
माळेच्या दिव्यांत त्याचे फुगलेले गाल बसले.
चार मात्रा तो थांबला.
ढोल चालू, झांजा चालू, मधे लख्ख रिकामी जागा.
मी तिच्यात शिरले. काय वाजवलं आठवत नाही,
दोन सूर नक्की चुकले.
वरात पुढे गेली.

तो माझ्यासाठी थांबला, की त्याचा दम संपला होता,
कोण विचारणार.
राजूरकरांच्या सुनेने मात्र खालून विचारलं,
"काकू, झालं का?"
म्हटलं, नाही गं,
अजून पहिलीवर यायचंय.