पालथी बाजू

गॅसचा पाइप सोडवून झाला तेव्हा गवंडी म्हणाला,
"कडप्पा आहे वहिनी, कोण घेणार आता?
टेंपोला पाचशे द्या, यळ्ळूर रोडला टाकून येतो."

थांब की जरा, म्हटलं.
पावणेसात फूट लांब, दोन फूट रुंद,
सासूबाईंच्या मापानं बांधलेला कट्टा.
त्या चार फूट दहा. मी पाच पाच.
एकतीस वर्षं मी त्यांच्या उंचीत वाकून
कांदा चिरला.

गौरव्वा आली वडगावहून, भावाचा हातगाडा घेऊन.
माग बंद पडल्यापासून ती
कडक भाकऱ्या विकते, शेकड्यावर.
दगडावर बोटाचं पेर वाजवलं तिनं,
कलिंगड बघावं तसं.
"चलो ऐती," म्हणाली.

पहार घातली
आणि सिंकच्या भोकापाशी तो मोडला,
पापड मोडावा इतका सहज.
कुणीच काही बोललं नाही.
मग गवंडी म्हणाला, लहान तुकडा मी नेतो,
धुणं आपटायला होईल.

मोठा उलटा केला तर
सिमेंटच्या खपल्यांत, पांढऱ्या रंगानं,
कानडी आकडे.
दुकानातल्या कुणीतरी घातलेलं माप.
मामंजी दारातच होते,
पाट्यांच्या भांडणात एकदा डोकं फोडून घेतलेले,
बसचा बोर्डसुद्धा दुसऱ्याला विचारणारे.
चष्मा लावला, वाकले, खपली नखानं काढली.
"सात आहे हा," म्हणाले.
"पाव फूट कमी दिला की मग त्यानं!"
आणि संध्याकाळपर्यंत
त्या पाव फुटाबद्दलच बोलत राहिले.

पंधरा दिवसांनी तिच्या पत्र्याच्या शेडात गेले
पन्नास भाकऱ्या आणायला.
चार विटांवर दगड, जमिनीपासून वीतभर.
पालथाच ठेवलेला.
"ही बाजू खरखरीत, अक्का. पीठ सरकत नाही."

म्हणजे माझी बाजू खाली.
हळदीचा डाग, कुकरच्या बुडाचा गोल,
पोरानं कंपासच्या टोकानं कोरलेला त्याच्या नावाचा अर्धा
(उरलेला अर्धा मार खाण्यात गेला)
सगळं मातीकडे तोंड करून.
मुंग्या चालत असतील त्यावरून, उलट्या.

सात पिठानं बुजला होता.
तिनं तळव्यानं पुसला, पुन्हा गोळा ठेवला,
थापता थापता विचारलं,
नवीन कसा आहे, ग्रॅनाइटचा?

उंच आहे, म्हटलं.
हात अजून खाली जातात.