बेथेस्दा

गावाचं नावच बेथेस्दा.
आमच्या शास्त्रात त्या नावाचं तळं आहे,
काठावर अडतीस वर्षं पडून राहिलेला एक जण:
मला पाण्यात सोडायला कुणी नाही.

मला एमरिस आहे.
रविवारी बस नसते, तो मोटरसायकल काढतो,
दोन पाउंड घेतो, पेट्रोलपुरते.
हेल्मेट त्याच्या ग्वेनिथचं. ती गेली,
आत हेअरस्प्रेचा वास राहिलाय.

आठवडाभर मी फुकट धान्याच्या केंद्रात डबे लावते,
मुदत संपलेले वेगळे.
रविवारी चॅपलमध्ये नऊ जण, मी दहावी.
संगमनेरला चपला दाराशी, बसायला सतरंजी;
इथे बूट पायातच
आणि मांडीवर हेल्मेट, तान्ह्या लेकरासारखं.
उपासना वेल्शमध्ये. मी माझी मराठीत उरकते.

एमरिस आत येत नाही.
भुरभुरत्या पावसात भिंतीवर बसून सिगारेट वळतो.

परतताना चढावर ओरडून विचारतो,
"आज काय सांगितलं?"
मला कुठे कळतंय! ज्याला कळतं तो बाहेर.
"मागच्या वेळचंच," म्हणते.

मग स्लेटच्या ढिगाऱ्यांपाशी, वळणावर,
त्याच्या जाकिटातून माझ्या तळव्यांना लागतं
शेवटचं गीत, तिसरं कडवं,
आतले नऊही जिथे अडखळले होते ते.